पाच आकडी इंजेक्शन

कोल्हापुरात राजारामपुरीत औषधांचं दुकान चालवणारा दीर आणि पुण्यात छातीविकारांची प्रॅक्टिस करणारी वहिनी. दोघं भेटले की एका विषयावर हमखास वाजतं: 'बायोलॉजिक' नावाने ओळखली जाणारी नवी इंजेक्शनं. दमा, अंगावर उठणारं पित्त, इसब, सोरायसिस, आमवात अशा आजारांत शरीराची प्रतिकारशक्तीच उलटलेली असते. ही औषधं त्या गोंधळातला एखादाच दुवा पकडून बंद करतात. वहिनी ती लिहून देते, दीर ती फ्रीजमध्ये सांभाळतो आणि त्यांचं बिल फाडतो. त्यांच्या अशाच एका बैठकीतला हा वाद.

भाऊजी: वहिनी, परवा एक चिठ्ठी आली. बाई चाळिशीची, शिलाईकाम करते, जुना दमा. चिठ्ठीवर मेपोलिझुमॅब, दर चार आठवड्यांनी एक. बिल पाच आकडी. आकडा ऐकून तिचा नवरा मला म्हणाला, "शेठ, एक शून्य जास्त पडलंय काय बघा की." आता मला सांगा, हीच बाई इतकी वर्षं प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीवर काढतेय. चहा-वड्याच्या पैशात स्ट्रिप येते. मग हे कशाला?

वहिनी: तिच्याकडे नीट बघितलंत का तुम्ही? बिल सोडा, बाईकडे.

भाऊजी: बघितलं की. चेहरा गोल सुजल्यासारखा. मनगटावर जांभळे डाग, कशाला हात लागला तेही तिला आठवत नाही. स्टुलावरनं उठताना काउंटरचा आधार घेते. शुगरची गोळी चालू आहे. सुईत दोरा आता पोरगी ओवून देते म्हणाली.

वहिनी: झालं तर मग. शुगर, मोतीबिंदू, मांड्यांचे गेलेले स्नायू, ठिसूळ हाडं. यातल्या प्रत्येकाचं बिल वेगळ्या दुकानात फाटतंय, म्हणून तुमच्या काउंटरवर स्टेरॉइड स्वस्त दिसतं. उद्या घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तर ते दम्याच्या खात्यावर कुणीच लिहिणार नाही.

भाऊजी: पण स्टेरॉइडनं लाखो जीव वाचवलेत, हे तरी मान्य कराल?

वहिनी: शंभर टक्के. १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णांना कॉर्टिझोन दिलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालायला लागली. दोनच वर्षांत, १९५० मध्ये, त्या कामाला नोबेल मिळालं. आजही दम्याचा जोराचा अटॅक आला की मी पहिल्यांदा स्टेरॉइडच देते. अटॅकसाठी पाच-सात दिवस दिलेलं स्टेरॉइड वेगळं आणि रोजच्या भाकरीसारखं वर्षानुवर्षं खाल्लेलं वेगळं. तुमच्याकडे उसाला पाणी पाजतात ना? एका सरीत पाणी जास्त झालं तर माणूस त्या सरीचं दारं धरतो, कॅनॉलच बंद करत नाही. तोंडाने घेतलेलं स्टेरॉइड कॅनॉल बंद करतं. या नव्या इंजेक्शनांनी एकेका सरीचं दारं धरता येतं.

भाऊजी: दारं धरणाऱ्याला सरी कुठली ते कळायला पाहिजे. नाहीतर पाणी इकडं आणि माणूस तिकडं.

वहिनी: तुम्ही चेष्टेत बोललात, पण या औषधांचा सगळा इतिहास त्या एका वाक्यात आहे. सुरुवात १९२१ पासून करू. जर्मनीत प्राउस्नित्स आणि क्युस्टनर असे दोन डॉक्टर होते. क्युस्टनरना मासे चालायचे नाहीत, खाल्ले की अंगावर पित्त उठायचं. त्यांच्या रक्तातला द्रव प्राउस्नित्सनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तर तिथे गांध उठली. म्हणजे अ‍ॅलर्जी रक्तातून एका माणसातून दुसऱ्यात नेता येते. रक्तात काहीतरी आहे हे कळलं, पण ते काय, हे कळायला आणखी पंचेचाळीस वर्षं गेली. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत डेन्व्हरला इशिझाका या जपानी पतीपत्नींनी, आणि स्वतंत्रपणे स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिख यांनी, तो घटक हुडकला. त्याचं नाव आयजीई.

भाऊजी: ती रक्ताची तपासणी माहीत आहे. रिपोर्टवर आकडा मोठा दिसला की लोक घाबरून माझ्याकडं येतात.

वहिनी: आयजीई मास्ट पेशींवर जाऊन बसतं. धुळीतला कीटक, परागकण, झुरळाचा अंश, जे काही त्या माणसाला चालत नाही ते आलं की त्या पेशी फुटून हिस्टामिन बाहेर टाकतात. मग शिंका, गांधी, दम. ओमॅलिझुमॅब हे औषध रक्तातलं मोकळं आयजीई पकडतं आणि त्याला पेशीवर बसूच देत नाही. अमेरिकेत २००३ मध्ये ते दम्यासाठी मंजूर झालं. पुढे २०१४ मध्ये महिनोन् महिने उठणाऱ्या पित्तासाठी आणि २०२४ मध्ये अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठीही.

भाऊजी: पित्तावर आमच्या आईनं आयुष्यभर आमसूल चोळलं. नाहीतर अ‍ॅव्हिल.

वहिनी: नेहमीच्या पित्ताला सिट्रिझिनसारखी गोळी पुरते, त्याला कोण इंजेक्शन देतंय? सहा आठवड्यांहून जास्त चाललेलं पित्त गोळीला दाद देत नसेल, तर आधी तीच गोळी चौपट डोसपर्यंत वाढवायची, अर्थात डॉक्टरच्या देखरेखीखाली. तरीही माणूस रात्र रात्र खाजवत बसला, ओठ आणि पापण्या सुजायला लागल्या, तर ओमॅलिझुमॅब. ही पायरी बरेच जण गाळतात. एक गोळी, दोन गोळ्या, लागू पडत नाही म्हणून स्टेरॉइड, आणि मग वर्षभर स्टेरॉइडच.

भाऊजी: बरं. पण अँटिबॉडीचं औषध म्हणजे काही आकाशातनं पडलेलं नाही. मुंबईच्या हाफकिनमध्ये घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरची लस वर्षानुवर्षं बनतेय. तीही अँटिबॉडीच. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मग ह्यांनाच एवढी किंमत का?

वहिनी: घोड्याच्या रक्तात सतरा प्रकारच्या अँटिबॉडी एकत्र असतात. कामाच्या असतात, बिनकामाच्याही असतात, आणि घोड्याचं प्रथिन माणसाला बाधूही शकतं. १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची अँटिबॉडी हवी तेवढी बनवण्याची रीत काढली. त्यांना १९८४ मध्ये नोबेल मिळालं. सुरुवातीच्या अँटिबॉडी उंदराच्या होत्या, नंतर त्यांना माणसाच्या अँटिबॉडीसारखं रूप देता आलं. आज यांतली बहुतेक औषधं चिनी हॅमस्टरच्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवून बनवतात. प्रथिनं असल्यामुळे पोटात पचून जातात, म्हणून गोळी होत नाही, टोचावंच लागतं. आणि दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, हे तुम्हाला मी काय सांगणार.

भाऊजी: मेमध्ये लाइट गेली की पहिल्यांदा त्या कप्प्याकडं धावतो. बर्फाचा पॅक, थर्मामीटर, सगळं. पण कारखान्याचा खर्च वेगळा आणि किंमत वेगळी. किमतीवर मी येणारच आहे. आधी हे सांगा, औषध लागू पडतं याचा पुरावा काय? तुमच्या त्या मेपोलिझुमॅबचा.

वहिनी: त्याचाच इतिहास सगळ्यांत बोलका आहे. मेपोलिझुमॅब इंटरल्युकिन-५ नावाचा संदेश अडवतं. त्या संदेशावर इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी पोसल्या जातात, आणि दम्याच्या एका प्रकारात श्वासनलिकेची नासाडी त्या पेशी करतात. २००० मध्ये पहिली चाचणी झाली. रक्तातल्या इओसिनोफिल खाली आल्या, पण दम्यावर परिणाम शून्य. २००७ मध्ये तीनशेहून जास्त रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तीही फुकट. औषध जवळजवळ मोडीत निघालं होतं.

भाऊजी: मग?

वहिनी: मग २००९ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या आणि कॅनडातल्या हॅमिल्टनच्या डॉक्टरांनी वेगळा प्रश्न विचारला. औषध तेच ठेवलं, माणसं बदलली. ज्यांच्या थुंकीत भरपूर उपचारानंतरही इओसिनोफिल सापडत होत्या आणि ज्यांना वारंवार अटॅक येत होते, असेच रुग्ण निवडले. लेस्टरला ६१ जण, हॅमिल्टनला अवघे २०. आणि आधी दोनदा नापास झालेलं औषध पास झालं. अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. आधीच्या चाचण्यांत सगळ्या दमेकऱ्यांना एका रांगेत उभं केलं होतं, तिथे चूक झाली होती.

भाऊजी: पास म्हणजे किती मार्कांनी? अटॅक बंदच झाले?

वहिनी: बंद नाही. २०१४ मधल्या मोठ्या चाचणीत, खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांना वर्षाला सरासरी १.७४ अटॅक आले, खरं घेणाऱ्यांना ०.८३.

भाऊजी: म्हणजे वर्षाला एक अटॅक कमी. वहिनी, एका अटॅकसाठी लाखांत खर्च? बँकेत असतो तर मी हे लोन मंजूर केलं नसतं.

वहिनी: सरासरी आहे ती. कुणाचे चारचे चार जातात, कुणाचा एकही जात नाही. आणि अटॅक म्हणजे तुम्ही काय धरलंय? चाचणीत अटॅक म्हणजे तीन दिवस तरी जादा स्टेरॉइड घ्यावं लागलं किंवा दवाखाना गाठावा लागला. तुमच्या त्या शिलाईवालीसाठी त्याहून मोठी गोष्ट दुसऱ्या चाचणीत आहे. रोज स्टेरॉइडची गोळी खाणारे १३५ जण घेतले. औषध मिळालेल्यांचा स्टेरॉइडचा डोस मध्यकाने निम्म्यावर आला, खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांचा मध्यक बदल शून्य. मी बायोलॉजिक लिहिते ते मुख्यतः याच्यासाठी. दम्यापेक्षा स्टेरॉइडने जास्त मोडलेली माणसं सोडवायला.

भाऊजी: हे पटण्यासारखं आहे. पण तुमच्या खुर्चीवरनं जे दिसतं आणि माझ्या काउंटरवरनं जे दिसतं त्यात फरक आहे. पंपाचंच बघा. लोक पंप नेतात तो निळा, सालब्युटामॉलचा. लगेच मोकळं वाटतं. स्टेरॉइडचा पंप रोज ओढायला सांगितला की म्हणतात, "सवय लागेल." आणि तीच माणसं स्टेरॉइडची गोळी बिनधास्त खातात. पंपातून जातं ते मायक्रोग्रॅममध्ये, गोळीतून मिलिग्रॅममध्ये. हजारपट फरक एककाचा. किती जणांना सांगू?

वहिनी: सगळ्यांना सांगा. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याच्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त आपल्याकडे होतात, असा अंदाज आहे. ही माणसं बायोलॉजिक मिळालं नाही म्हणून मरत नाहीत. रोजचा पंप पोचला नाही म्हणून मरतात.

भाऊजी: तुम्हीच माझी बाजू मांडताय! जिथं शंभर-दोनशेचा पंप पोचत नाही तिथं पाच आकडी इंजेक्शनाची चर्चा म्हणजे पायात चप्पल नाही आणि फेट्याचा हिशोब. परवा मी त्या शिलाईवालीला म्हटलं, दाखवा बघू पंप कसा घेता. तोंडासमोर धरला, दाबला, अर्धा फवारा ओठांवर, दाबल्यावर मग श्वास घेतला, आणि लगेच सोडला. नळी आहे का घरी, स्पेसर? म्हणाली, "ती लहान मुलांची असते ना?"

वहिनी: आणि तिला थेट मेपोलिझुमॅब लिहिलं असेल, तर तिथे मी तुमच्या बाजूने आहे. पंप फुफ्फुसात जातच नसेल, तर दमा गंभीर आहे की नुसता हाताळलेला नाही हे कळणार कसं? माझ्याकडे 'गंभीर दमा' म्हणून आलेल्यांपैकी बरेच जण स्पेसर आणि रोजच्या पंपावर सुधारतात. कुणाला पोटातलं आम्ल वर येत असतं, कुणाच्या नाकात मोड असतो, कुणाच्या घरात चूल असते. हे सगळं निस्तरून जे उरतात, ते थोडे असतात. बायोलॉजिक त्या थोड्यांसाठी आहे.

भाऊजी: उरलेल्यांची निवड कशी करता? रक्त काढून?

वहिनी: इओसिनोफिलचा आकडा. साधी तपासणी, कुठल्याही लॅबमध्ये होते. १५० च्या वर असेल तर विचार करायचा, ३०० च्या वर असेल तर आशा जास्त. पण यात आपल्या मातीतले तीन खड्डे आहेत, जे इंग्लंड-अमेरिकेच्या पुस्तकात तळटिपेत असतात. पहिला, स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर आकडा खोटाच कमी येतो. तुमच्या बाईचा आजचा रिपोर्ट कामाचा नाही, गोळ्या सुरू व्हायच्या आधीचा जुना कागद शोधायला हवा.

भाऊजी: दुसरा?

वहिनी: जंत. पोटातल्या कृमींनी इओसिनोफिल वाढतात. हत्तीरोगाच्या जंतूंनी तर रात्रीचा खोकला, दम आणि हजारांत इओसिनोफिल, असं हुबेहूब दम्याचं सोंग येतं. गडचिरोली-चंद्रपूरकडून आलेला रुग्ण असेल तर मला ते आधी तपासावं लागतं. त्याच्यावरचं औषध स्वस्त आहे आणि वेगळं आहे. शिवाय या पेशी कृमींशी लढायच्या कामाच्याच, म्हणून त्या दाबण्याआधी जंत असतील तर घालवून घ्यायचे, असं औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलंय. तिसरा खड्डा, अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी. दमेकऱ्याच्या श्वासनलिकेत ती ठाण मांडते आणि आयजीई हजारोंत जातं. आपल्याकडे हे बरंच सापडतं. तिथे आधी बुरशीचा बंदोबस्त.

भाऊजी: एवढं सगळं कोण करतंय हो? औषध कंपनीचा एमआर येतो, डॉक्टर चिठ्ठी लिहितो. आणि खरं तर स्वस्तातली औषधंही असतातच की. गाजरगवताचं बघा. पन्नासच्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलं ते, मग देशभर पसरलं. पावसाळा आला की शेतकरी यायचे, तोंड, मान, कोपराचे खळगे काळे पडलेले, जाड झालेले, खाजवून रक्त. काही जण वर्षानुवर्षं सोसत होते. त्यांना अ‍ॅझाथायोप्रिन दिलं की निभायचं. जुनी गोळी, बायोलॉजिकच्या तुलनेत कवडीमोल. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी त्यावर अभ्यासही केलेत. तिथं कुठं आलं हे इंजेक्शन?

वहिनी: मान्य. गाजरगवताची अ‍ॅलर्जी आयजीईची नाहीच, ती टी-पेशींची. तिथे ओमॅलिझुमॅब टोचणं म्हणजे पाणी इकडे आणि माणूस तिकडे, तुमचंच वाक्य. फक्त अ‍ॅझाथायोप्रिनलाही रक्ततपासण्या लागतात, पांढऱ्या पेशी आणि लिव्हर बघत राहावं लागतं, हे विसरू नका. कवडीमोल म्हणून बेफिकीर नको.

भाऊजी: आणि महाग म्हणून सुरक्षित असंही नको. संधिवातवाले येतात, अ‍ॅडालिमुमॅब घेणारे. त्यांना टीबी झाल्याचं कानावर येतं.

वहिनी: ती खरी भीती आहे. त्या घराण्याचं पहिलं औषध इन्फ्लिक्सिमॅब. लंडनमध्ये १९९२ मध्ये मार्क फेल्डमन आणि रवींदर मैनी यांनी आमवाताच्या रुग्णांवर ते वापरलं. मैनी मूळचे लुधियानाचे. टीएनएफ नावाचा एकच संदेश अडवला आणि सुजलेले सांधे उतरले. तोवर अनेकांना वाटत होतं की दाहात इतके संदेश असतात, एक अडवून काय होणार? पण २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या ७० जणांना टीबी झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. बऱ्याच जणांना पहिल्या काही महिन्यांतच. कारण टीएनएफ हाच फुफ्फुसात दबून बसलेल्या टीबीच्या जंतूंभोवतीचं कुंपण टिकवतो. कुंपण काढलं की जंतू मोकळे. जगातले साधारण एक-चतुर्थांश टीबी रुग्ण भारतात आहेत. म्हणून इथे एक्स-रे आणि टीबीची तपासणी झाल्याशिवाय या गटातलं औषध सुरू करायचं नाही, आणि दबलेला टीबी निघाला तर आधी त्याच्या गोळ्या.

भाऊजी: दम्याच्या इंजेक्शनातही हा धोका?

वहिनी: तसा दिसलेला नाही, कारण ती वेगळा दुवा अडवतात. त्यांचे त्रास वेगळे. ओमॅलिझुमॅबनंतर हजारात एखाद्याला जोराची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून पहिले काही डोस दवाखान्यातच, आणि टोचल्यावर बसवून ठेवायचं. ड्युपिलुमॅब या दुसऱ्या बायोलॉजिकने काही इसबवाल्यांचे डोळे लाल होतात. पण स्टेरॉइडशी तुलना केली तर हे त्रास आटोक्यातले आहेत.

भाऊजी: आता येऊ किमतीवर. अ‍ॅडालिमुमॅब वर्षानुवर्षं जगातलं सगळ्यांत जास्त धंदा करणारं औषध होतं. २०२२ मध्ये एकट्या त्याची विक्री २१ अब्ज डॉलरवर. पेटंटची तटबंदी अशी की अमेरिकेत त्याची नक्कल यायला २०२३ उजाडलं. आणि आपल्याकडं अहमदाबादच्या झायडसनं २०१४ च्या डिसेंबरमध्येच ती आणली, मूळ औषधाच्या साधारण एक-पंचमांश भावात. म्हणजे भाव कारखान्याच्या खर्चावर नाही, भिंतीच्या उंचीवर ठरतो. दम्याच्या औषधांभोवतीची भिंत उतरेपर्यंत ही बाई काय करणार?

वहिनी: तिथे मी निरुत्तर आहे. विमा असेल तर थोडा मार्ग आहे. विमा नियामक इर्डाने २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी काढली, त्यात इंजेक्शनाने द्यायच्या मोनोक्लोनल अँटिबॉडी आहेत. विमा कंपनीला त्या सरसकट वगळता येत नाहीत.

भाऊजी: सरसकट नाही, पण मर्यादा घालता येते. आणि इंजेक्शन ओपीडीत टोचलं तर "अ‍ॅडमिट नव्हता" म्हणून क्लेम परत. अशा फायली घेऊन लोक माझ्याकडं झेरॉक्सला येतात. सरकारच्या फुले आरोग्य योजनेचा भर अ‍ॅडमिशनवर आणि ऑपरेशनवर. दर महिन्याला टोचायचं औषध कुठल्याच खणात बसत नाही. मग शिलाई मशीनवाली बाई म्हणजे कुठल्याच यादीत नसलेली. तिला असं औषध लिहून देणं ही तुमची सुटका झाली, तिची नाही.

वहिनी: मग काय करू? तिच्या साडीकडे बघून ठरवू, हिला परवडणार नाही, म्हणून हिला सांगायचंच नाही? असं औषध आहे आणि ते तिला लागू पडण्याची शक्यता आहे, हे लपवायचा अधिकार मला कुणी दिला? गेल्या वर्षी एका रिक्षावाल्याला मी किंमत सांगून विषय मिटवला होता. त्याच्या भावाने जमीन गहाण ठेवायची तयारी दाखवली. मी त्याला नको म्हटलं, कारण तोवर त्याच्या तपासण्या झाल्या नव्हत्या. पण ठरवायचा हक्क त्याचा होता.

भाऊजी: जमीन गहाण ठेवून किती महिने? आणि बंद केलं की रोग परत येणारच ना? आयुष्यभराचा हप्ता आहे हा.

वहिनी: सगळ्यांचं तसं नाही. ओमॅलिझुमॅब साधारण पाच वर्षं घेतलेल्यांपैकी काहींचं बंद करून बघितलं, तर पुढच्या वर्षात जवळपास निम्म्यांना अटॅक आला नाही. चालू ठेवलेल्यांपैकी साधारण दोन-तृतीयांशांना आला नाही. म्हणजे चालू ठेवण्याचा फायदा आहे, पण बंद केलं की सगळेच कोसळतात असंही नाही. पित्तात तर बऱ्याच जणांचा आजार काही वर्षांत स्वतःहून ओसरतो आणि इंजेक्शन सोडता येतं. मात्र हे आधी सांगायला हवं. पहिल्या इंजेक्शनलाच थांबायची तारीख आणि थांबायचा निकष कागदावर लिहायला हवा. साधारण चार महिने देऊन बघायचं. अटॅक, स्टेरॉइडचा डोस, रात्रीची झोप, यात काहीच फरक नसेल तर बंद. 'अजून एक बघू' नाही.

भाऊजी: चार महिने? मग वहिनी, माझा एक नियम ऐका. चार महिन्यांचे पैसे हातात नसतील तर पहिलं इंजेक्शनच देऊ नका. आमच्याकडं काय होतं, सोनं मोडून दोन डोस घेतात, तिसऱ्याला पैसे नसतात, बंद. औषध लागू पडलं की नाही हेही कळत नाही आणि सोनंही गेलं. दोन इंजेक्शनं घेतलेल्यापेक्षा एकही न घेतलेला बरा. मी विकणारा असून सांगतोय.

वहिनी: हे मला मान्य आहे. आणि माझ्याकडच्या चिठ्ठीवर आजपासून एक ओळ वाढवते: आधी काय काय केलं ते. स्पेसर शिकवला का, गोळ्यांआधीचा इओसिनोफिलचा आकडा किती, जंत आणि बुरशी तपासली का. ती ओळ कोरी असेल तर तुम्ही इंजेक्शन देऊ नका. मला फोन करा.

भाऊजी: बाकीच्या डॉक्टरांना कोण सांगणार?

वहिनी: तुम्ही. चिठ्ठी तुमच्या काउंटरवरून जाते. एवढी महाग चूक तिथे थांबली तर त्यात कमीपणा काय?

भाऊजी: आणि ही शिलाईवाली? तिच्या गोळ्या मी उद्यापासून बंद करतो.

वहिनी: अजिबात नाही! इतकी वर्षं गोळी खाल्ल्यावर तिच्या शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं जवळजवळ सोडून दिलेलं असणार. एकदम तोडलं तर दमा राहील बाजूला, रक्तदाब कोसळून ती बेशुद्ध पडेल. डोस उतरवायचा तो महिनोन् महिने, थोडा थोडा, डॉक्टरच्या नजरेखाली. तुम्ही एवढंच करा, नळी द्या, पंप पुन्हा शिकवा, जुनी फाइल शोधायला सांगा आणि तिला माझ्याकडे पाठवा. सहा आठवडे नीट पंप घेऊनही दम लागतच असेल, तपासण्यांत बाकी काही सापडलं नाही, तर ती त्या थोड्यांपैकी एक आहे. मग इंजेक्शन तिचं हक्काचं, आणि त्याचे पैसे कुठून आणायचे हा वाद तुम्ही माझ्याशी नाही, आपण दोघांनी मिळून विमा कंपनीशी आणि सरकारशी घालायचा.

भाऊजी: तो वाद आपण हरणार, वहिनी.

वहिनी: पहिल्यांदा हरू. आमवातवाल्यांनाही अ‍ॅडालिमुमॅब पाचव्या हिश्श्यात मिळेल असं २०१० मध्ये कुणी म्हणालं असतं, तर तुम्ही त्यालाही वेड्यात काढलं असतं.